हरणाराच विजेता ठरतो, मग मिशिगन-ओहायो स्टेटच्या खुन्नसला उरलं काय?

निळा_मका:
आधीच सांगतो, हा अंड्यासारख्या चेंडूचा अमेरिकन फुटबॉल आहे. आणि मी ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठात शिकलोय, त्यामुळे माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नका.

३० नोव्हेंबर २०२४, ओहायो स्टेट विद्यापीठाचं गाव कोलंबस. ६ सामने जिंकून ५ हरलेलं आमचं मिशिगन देशात दुसऱ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटसमोर. आमचे भरवशाचे खेळाडू विल जॉन्सन आणि कोल्स्टन लव्हलँड दोघंही बाहेर. ४५ सेकंद उरलेली असताना आमच्या झ्वाडाने २१ यार्डांवरून किक घातली आणि १३-१० ने आम्ही जिंकलो, सलग चौथ्या वर्षी. माझा चहा गालिच्यावर सांडला, बायको काही बोलली नाही.

आणि ५१ दिवसांनी तेच ओहायो स्टेट नोटर डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतं!

माझं म्हणणं एवढंच, की १२ संघांच्या प्लेऑफने (राष्ट्रीय विजेतेपदासाठीची बाद फेरी) या सामन्याचे दात काढले. खुन्नस म्हणजे हरल्यावर काहीतरी हातचं जायला हवं. पूर्वी जायचं. १९७५ पर्यंत आमच्या दोघांच्या बिग टेन या विद्यापीठांच्या परिषदेतून फक्त एकच संघ हंगामानंतरच्या बोल सामन्याला जायचा, तोही रोझ बोलला. प्रशिक्षक बो शेम्बेकलरच्या मिशिगनने १९७२ ते ७४ या तीन हंगामांत ३० सामने जिंकले, २ हरले, १ बरोबरीत सुटला. त्या तीन वर्षांत बोल सामने किती मिळाले? शून्य. १९७३ मध्ये तर ओहायो स्टेटशी सामना १०-१० बरोबरीत सुटला आणि रोझ बोलला कोण जाणार हे विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदान करून ठरवलं. पाठवलं ओहायो स्टेटला. बोच्या मनातून ते शेवटपर्यंत गेलं नाही.

आता? हरा, तीन आठवडे झोप काढा आणि घरच्या मैदानावर प्लेऑफ खेळा.

कोलंबसकर:
मका दादा, चार वर्षं जिंकलात, अभिनंदन. त्यातलं २०२३ चं जिंकणं आमच्या खाणाखुणा चोरून टिपण्याचं प्रकरण गाजत असताना आणि तुमचे प्रशिक्षक हारबॉ निलंबित होऊन घरी बसलेले असताना आलं, तेही जमेस धरा.

आता मुद्द्यावर. मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो. सामना संपल्यावर तुमच्या पोरांनी आमच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला. आमच्या जॅक सॉयरने तो झेंडा काठीवरून ओरबाडला, दोन्हीकडची पोरं भिडली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. नंतर बिग टेनने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड केला. दात काढलेले असते तर असं चावले असते का?

आणि हातचं काय गेलं म्हणता? आमच्याकडे मिशिगनला हरवलं की खेळाडूला सोन्याची इवलीशी चड्डी मिळते. हसू नका, १९३४ पासूनची पद्धत आहे. मिशिगनवाले काय वेगळे, तेही आपल्यासारखे एकेक पाय घालूनच चड्डी चढवतात, असं तेव्हाचे प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट म्हणाले होते, त्यावरून निघाली. सॉयर कोलंबसच्या परिसरातलाच पोरगा. २०२१ ला आला. पुढे कॉटन बोलमध्ये त्याने टेक्सासच्या क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) हातून चेंडू उडवला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं. बोटात राष्ट्रीय विजेतेपदाची अंगठी आली. चड्डी मात्र एकही नाही. हे त्याला विचारा, मग म्हणा काही जात नाही म्हणून.

निळा_मका:
खेळाडूंची खुन्नस मी नाकारतच नाहीये. मी हिशेबाबद्दल बोलतोय. तुमचे जुने प्रशिक्षक जॉन कूपर आठवा. १३ वर्षांत १११ सामने जिंकले, पण मिशिगनविरुद्ध २ विजय, १० पराभव, १ बरोबरी. गेली की नोकरी! तुमचे आत्ताचे प्रशिक्षक रायन डे २०२४ च्या सामन्यानंतर आमच्याविरुद्ध १-४ होते, म्हणजे १ विजय, ४ पराभव. त्या दिवशी तुमच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, आणि ५१ दिवसांनी ते हिरो. कूपरच्या वेळी १२ संघांचा प्लेऑफ असता तर?

कोलंबसकर:
कूपर साहेबांना नुसता मिशिगनने नाही घालवलं, बोल सामनेही हरत होते ते. आणि २०२२ विसरलात? तेव्हा प्लेऑफ ४ संघांचाच होता. तुम्ही आम्हाला ४५-२३ ने धुतलं, तरी आम्ही आत गेलोच. जॉर्जियाकडून ४२-४१ ने हरलो, शेवटची किक हुकली तेव्हा घड्याळात नेमके बारा वाजत होते, नवीन वर्ष लागत होतं. ती किक बसली असती तर हा धागा तुम्ही दोन वर्षं आधीच काढला असतात.

रंकाळा_काठ:
हातानं खेळायचं आणि नाव फुटबॉल, हे आम्हा कोल्हापूरकरांना पटणारच नाही, पण असू दे. एक सांगतो. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की गुणतक्त्याकडं कोण बघतंय? ती पेठेची ईर्षा असते. हरलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोंड दाखवायची चोरी. ते कुठल्या तक्त्यात मोजणार भावा?

निळा_मका:
रंकाळा, ईर्षा हा शब्द उचलतो तुमचा, खुन्नसपेक्षा बरा आहे. पण तुमच्याकडं दोन्ही पेठा एकाच गावात आहेत. इथं ॲन आर्बर आणि कोलंबसमध्ये तीन तासांचं अंतर. टपरी एकच नाही.

टोलेडोची_सून:
आहे ना टपरी! माझ्या सासरी या. टोलेडो शहर ओहायोत, पण मिशिगनची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. १८३५ मध्ये या पट्ट्यावरून दोन्हीकडच्यांनी मिलिशिया उभ्या केल्या होत्या. टोलेडो ओहायोला मिळालं, बदल्यात मिशिगनला वरचा द्वीपकल्प. माझ्या गल्लीत दोन्ही रंगांचे झेंडे आहेत. त्या आठवड्यात शेजारच्या आजी माझ्याशी नीट बोलत नाहीत, कारण आमच्या ह्यांचा पदवीचा कागद ॲन आर्बरचा. प्लेऑफमध्ये किती संघ असतात हे आजींना माहीतही नसेल.

ह्यूस्टनवाली:
तुम्ही सगळे पोट भरल्यावर ढेकर देताय. २०२० चं कोविडचं वर्ष सोडलं तर तुमचा सामना दरवर्षी होतोय. आमचं टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या विद्यापीठांचं १८९४ पासूनचं. २०११ मध्ये जस्टिन टकरच्या शेवटच्या किकवर टेक्सास २७-२५ जिंकलं, ए अँड एम दुसऱ्या परिषदेत गेलं आणि सामनाच बंद. नंतरचा थेट २०२४ मध्ये, तोही तुमच्याच दिवशी, ३० नोव्हेंबरला. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटचा तर २०२३ नंतर बंदच पडला. हे प्लेऑफने नाही केलं, टीव्हीच्या पैशाने केलं. मका दादा, ओरडायचंच तर तिकडे ओरडा.

आणि हो, ज्या १२ हंगामांत सामना नव्हता त्यातही ए अँड एमवाले दर शनिवारी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डुलत, टेक्सासच्या बैलाची शिंगं कापायचं गाणं म्हणत होते. समोर कुणी नसताना.

निळा_मका:
ताई, पैशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझाही मुद्दा शेवटी तिथेच जातो. प्लेऑफ १२ संघांचा झाला तो काय फुकट? जास्त सामने, जास्त जाहिराती. आता बिग टेनमध्ये आम्हा दोघांना एकत्र ठेवणारे गटही नाहीत, म्हणजे नोव्हेंबरात भिडलेले आम्ही दोघं पुढच्याच शनिवारी इंडियानापोलिसला अंतिम सामन्यात पुन्हा भिडू शकतो. वर्षातून एकदाच येणारी गोष्ट आठवड्यात दोनदा आली, तर ती दिवाळी कसली?

कोलंबसकर:
दोनदा आली तर चड्ड्याही दोन मिळतील, आमचा बॅकलॉग भरून निघेल.

बाकी एक विचारतो, खरं सांगा. ५१ दिवसांनी आम्ही ट्रॉफी उचलली, तेव्हा तुमच्या त्या विजयाची चव गेली का?

निळा_मका:
नाही गेली. तो सामना महिन्यातून एकदा तरी लावतोच. गालिच्यावरचा डागही अजून आहे, पुसू देत नाही.

कोलंबसकर:
मग धागा कशाला काढलात राव?

टोलेडोची_सून:
नोव्हेंबरात दोघंही आमच्याकडे या. मिसळ करते. आजींनाही बोलावीन, फक्त बसताना त्यांच्या बाजूला मका दादांनी बसायचं नाही.