फिनेल-ॲसिड सोडून घर स्वच्छ कसं ठेवायचं? (जुनं घर, शहाबादी फरशी, परसात विहीर)

येळ्ळूरची_सून:
नमस्कार सगळ्यांना. गणपती तोंडावर आलेत आणि आमच्यात घर झाडायला काढलंय म्हणून विचारूलाले. घर जुनं आहे, सोप्यात आणि माजघरात शहाबादी फरशी, स्वैपाकघरात आणि बाथरूमात मागाहून बसवलेल्या टाईल्स, परसात विहीर आणि त्याच्या पलीकडं सेप्टिक टँक. आतापर्यंत सासूबाई जसं करत आल्या तसंच चालू होतं, फरशीला फिनेल, संडास-बाथरूमला ॲसिड, आणि पावसाळ्यात परसात निसरडं झालं की ब्लिचिंग पावडर फेकायची. पण आता घरात बाळ रांगायला लागलंय, हात फरशीला लावतंय आणि तोच हात तोंडात घालतंय, आणि मामंजींना दम्याचा त्रास आहे, फिनेलचा वास आला की खोकत बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतात. म्हणून मला हे सगळं बंद करायचंय. यूट्यूबवर बघितलं तर सगळीकडं एकच, खायचा सोडा आणि व्हिनेगर मिसळा आणि सगळं घर पुसा. एकजण बायो एन्झाइम (साली आंबवून केलेलं पाणी) म्हणून बाटली विकूलालेत, ते पण सगळ्याला चालतं म्हणे. खरंच चालतं का? बोरच्या पाण्याचे नळावर पांढरे डाग आहेत, गॅसमागच्या टाईल्सवर तेलाचा थर आहे, आणि मागच्या खोलीच्या भिंतीला बुरशी. आणि सासूबाईंचं म्हणणं असं की वास आल्याशिवाय घर पुसलं असं वाटतच नाही, त्याला काय करू ते पण सांगा 😀

जांबोटीचा_पाऊस:
बुरशीचं मला विचारा ओ, आमच्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीच काय, कपाटातले पट्टे आणि चपला पण हिरव्या होतात. पहिलं म्हणजे कोरड्या झाडूनं बुरशी झाडू नका, सगळी धूळ होऊन हवेत उडते आणि तुमच्या मामंजींच्या छातीत जाते. ओलं फडकं घ्या, तोंडाला रुमाल बांधा, पुसा, आणि फडकं लगेच गरम साबणाच्या पाण्यात टाका. भिंत ऑइलपेंटची असेल तर साधं पांढरं व्हिनेगर पाणी न घालता लावून तासभर ठेवा, मग पुसून कोरडी करा. पण चुना मारलेली भिंत असेल तर व्हिनेगर अजिबात नको, चुन्याला आंबट लागलं की चुना खातं. चुन्याच्या भिंतीला पाऊस संपल्यावर परत चुनाच मारायचा, आमचे आजोबा दरवर्षी दिवाळीआधी मारायचे ते काय नुसतं दिसायला नव्हे, चुना जहाल असतो आणि बुरशीला तो मानवत नाही. मारताना डोळे सांभाळा आणि बाळाला त्या खोलीत आणू नका.

आणि खरं सांगू का, पुसून बुरशी जात नाही, ओल गेली की जाते. कौलातनं गळतंय का, भिंतीला लागून मातीचा ढीग आहे का, कपाट भिंतीला चिकटवून ठेवलंय का ते बघा. चार बोटं पुढं ओढलं तरी फरक पडतो.

परसातल्या शेवाळाला ब्लिचिंग पावडर टाकता ती पहिली बंद करा. पाऊस आला की ती विहिरीकडंच जाणार की. शेवाळ हिराच्या खराट्यानं, वर थोडी जाडी वाळू टाकून घासायचं, कंबर धरते खरं पण निघतं.

मास्तर_रिटायर्ड:
मी हायस्कूलला शास्त्र शिकवायचो, त्यामुळं सोडा-व्हिनेगरचं ऐकलं की गप्प बसवत नाही. खायचा सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र केले की फसफसतं, लोकांना वाटतं आता मळ निघणार, पण ती फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइड उडून जातोय, आणि खाली उरतं ते सोडियम ॲसिटेटचं मिळमिळीत पाणी. दोन कामाच्या वस्तू घेऊन एकमेकींना मारून टाकल्या. त्यांचा उपयोग वेगवेगळाच करायचा, आणि कुठं कुठलं हे ठरवायला एवढंच बघायचं की डाग कशाचा आहे.

तेलकट असेल तर अल्कली लागतं. गॅसमागच्या टाईल्सला धुण्याचा सोडा घ्या, खायचा नव्हे, धुण्याचा जास्त कडक असतो. कडकडीत गरम पाण्याच्या तांब्यात एक चमचा, फडकं भिजवून टाईल्सवर दहा मिनिटं चिकटवून ठेवायचं, मग पुसायचं. हातात मोजे घाला, कातडी सोलपटते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला हे पाणी लावू नका, भांडं काळं पडतं. पूर्वी चुलीच्या राखेनं भांडी घासायचे तेही ह्याच कारणानं, राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तेल सोडवतं.

नळावरचा पांढरा थर म्हणजे बोरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, त्याला आम्लच पाहिजे. लिंबूसत्व आणा, तेच सायट्रिक ॲसिड. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे, कापड भिजवून नळाला गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटांनी घासून धुवा. रात्रभर ठेवू नका, नळाचा मुलामा जातो. गीझर नसून पाण्याचा बंब असेल तर आतल्या खडीलाही हेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. कडप्पा पण तसलाच. त्यावर लिंबू, व्हिनेगर, चिंच, ॲसिड आणि तो बायो एन्झाइम, सगळं वर्ज्य. आंबट लागलं की दगड विरघळतो, तकाकी जाते, आणि खडबडीत झालेल्या जागेत मळ आणखी बसतो, मग आणखी घासा. फरशीला नुसतं कोमट पाणी आणि अगदी थोडा सौम्य साबण, नाहीतर रिठ्याचं पाणी, बस्स. रोज जंतुनाशक घालायची गरज नसते, चिखल-माती निघाली, फरशी कोरडी झाली की पुरे. जंतूंना ओल लागते.

अजून एक, ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड दोन्ही घरात आहेत म्हणता. ती कधी एकत्र येऊ देऊ नका. संडासात आधी एक टाकून वर दुसरं टाकलं तरी क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो, दमेकऱ्याला तर थोडासुद्धा बास.

निपाणीवाला:
आमच्याकडं तंबाखूच्या देठांचं पाणी करून ढेकणं, झुरळं असतील तिथं फवारतात, एकदम नैसर्गिक, पैसा पण नाही. बघा करून.

मास्तर_रिटायर्ड:
नको ओ. तंबाखूतलं निकोटीन हे विषच आहे, आणि कातडीतनं अंगात जातं. रांगतं बाळ आहे त्या घरात तर ओट्याखाली सुद्धा नको. झाडातनं निघालं म्हणून निरुपद्रवी होत नाही, धोतऱ्याचं झाड परसात उगवलं म्हणून भाजी करतो का आपण? झुरळांना रात्री खरकटं न ठेवणं, सिंकखालची ओल पुसणं आणि फटी सिमेंटनं बुजवणं ह्यानंच निम्मं काम होतं.

अनगोळची_अक्का:
मास्तर बरोबर बोललेत पण बायो एन्झाइमला एकदम घराबाहेर काढून टाकू नका, टाईल्सच्या बाथरूमला आणि मोरीला ते चांगलंय आणि विकत कशाला घ्यायचं गे, घरी होतं. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी. आपल्याकडं गुळाला काय तोटा, गुऱ्हाळाचा काळपट गूळ चालतो, मऊ पडलेला असला तरी चालतो. प्लास्टिकच्या जाड बरणीत घाल, वरती चार बोटं जागा ठेव, आणि पहिला महिनाभर रोज एकदा टोपण सैल करून गॅस सोड, नाहीतर बरणी फुगून फुटते, म्हणून काचेची घ्यायची नाही. तीन महिने लागतात म्हणजे ह्या गणपतीला मिळणार नाही, दिवाळीला पण कदाचित उशीरच, पण लावून ठेव. गाळून एका बादलीला अर्धी वाटी. संडासाला तसंच घालून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी ब्रशनं घासायचं, ॲसिडासारखं दोन मिनिटांत पांढरं होणार नाही, घासावं लागतं, ते आधीच सांगते.

सेप्टिक टँक आहे म्हणून अजून एक. टाकीतली घाण जिरवायचं काम आतले जिवाणूच करतात, ॲसिड-फिनेल रोज ओतलं की ते मरतात, मग टाकी लवकर भरते, वास मारते, आणि आपण म्हणतो आणखी फिनेल टाका. ते बंद केलंस तर टाकी पण सुधारेल. विहीर किती लांब आहे टाकीपासून? निदान पन्नास-साठ फूट तरी पाहिजे.

सासूबाईंच्या वासाचं सोपंय. परसात गवती चहा असेल तर मूठभर पात चिरून उकळ, गार कर, गाळ, आणि शेवटच्या पुसण्याच्या पाण्यात घाल. आमच्या आत्तींना सांगितलं नव्हतं, त्या म्हणाल्या नवीन फिनेल चांगलंय म्हणून.

हत्यारं म्हणशील तर बाजारातली ती हिरवी-पिवळी घासणी सोड, ती झिजून झिजून प्लास्टिकच पाण्यात जातं. वेलीवर एक-दोन घोसाळी वाळू देत, साल काढून बिया झटकल्या की आत जाळी निघते, भांड्याला, सिंकला, अंगाला पण. चिवट करपलेल्याला नारळाचं सोडण. पुसायला जुनी सुती साडी नाहीतर धोतर, मायक्रोफायबर म्हणून विकतात ते पण प्लास्टिकच गे, चांगलं पुसतं खरं, असलेलं टाकू नको पण नवीन घेऊ नको. आत घरात केरसुणी, बाहेर खराटा, आणि दोन्ही उभं नाही आडवं ठेवायचं, टिकतात.

देवाची भांडी: पितळ-तांब्याला चिंच-मीठ, नाहीतर वापरलेली आमसुलं, आणि लगेच धुवून कोरडं पुसायचं, आंबट राहिलं तर परत हिरवं येतं. चांदीला चिंच नको. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल घाल, उकळतं पाणी, चमचाभर खायचा सोडा, आणि निरंजन-पंचपाळं फॉइलला टेकून बुडव. काळं आपोआप जातं, घासून चांदी झिजत नाही.

हिंदवाडी_फ्लॅट:
सगळं बरोबर आहे पण हे वाचून मलाच दमायला झालं. नवरा-बायको दोघं नोकरीला, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घोसाळी कुठं वाळवू आणि गुळाची बरणी रोज कोण उघडणार? आणि हे सगळं शेवटी घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतं, तेवढं कुणी बोलत नाही. माझं म्हणणं सगळं बदलायच्या भानगडीत पडू नका. ॲसिड बंद करा, ब्लिचिंग बंद करा, आणि साबण-पावडर निम्मी करा. कपड्याला आपण दुप्पट घालतो, फेस दिसला पाहिजे म्हणून, आणि तोच फेस पुढं नाल्यात. आपल्या बेळगावचा बळ्ळारी नाला बघा की, शहापूर-वडगावच्या भातशेतीत दर पावसाळ्यात त्याचंच पाणी घुसतं, म्हणजे आपण मोरीत ओतलेलं कुणाच्या तरी वाफ्यात जातंय.

विकत घेताना पुढच्या बाजूला हिरवं पान छापलंय, हर्बल लिहिलंय त्याकडं बघू नका, ते कोणीपण लिहितं. मागं काय काय घातलंय ते दिलेलं असेल तर वाचा. केंद्र सरकारची इकोमार्क म्हणून योजना १९९१ पासून आहे, मडक्याचं चिन्ह असतं, पण दुकानात क्वचितच दिसतं. मी तरी बिनवासाचं, कमी फेसाचं, मोठ्या कॅनमधलं घेते आणि जुन्या बाटल्या भरून वापरते.

येळ्ळूरची_सून:
बापरे एवढं सगळं! अक्का, विहीर टाकीपासून लांब आहे, मामंजींनी पावलांनी मोजलं आणि म्हणाले सत्तर फूट तरी असेल. शहाबादीला आम्ही लिंबू घालूनच पुसत होतो काही दिवस, बरं झालं सांगितलात, म्हणूनच दारातली फरशी अशी पांढुरकी दिसूलाली होती. हिंदवाडी ताई, बाईच्याच गळ्यात पडतं ते खरं आहे, खराट्याचं काम मी ह्यांना दिलंय 😀 आता रिठा कुठं मिळेल ते सांगा आणि पाणी कसं करायचं? गावातल्या दुकानात पावडर होती फक्त.

अनगोळची_अक्का:
पावडर नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. बेळगावात रविवार पेठेत किराण्याच्या जुन्या दुकानांत आख्खा रिठा मिळतो, कन्नड दुकानदार असला तर अंटवाळकाई म्हणून माग. बी काढून टाक, दहा-बारा टरफलं रात्री लिटरभर पाण्यात भिजव, सकाळी पंधरा मिनिटं उकळ, गार झालं की कुस्करून गाळ. फेस कमी येतो त्याकडं बघू नको. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर तीन दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच कर. बादलीला एक वाटी घाल. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं, बाळाच्या हाताला लागणार नाही असं ठेव.

जांबोटीचा_पाऊस:
आमच्याकडं रानातला रिठा आणणाऱ्या मावश्या खानापूरच्या बाजाराला बसतात कधी कधी, तिकडं कुणी येणार असेल तर आधी सांगा, मी विचारून ठेवतो. पण नवीन रिठा उन्हाळ्याकडं येतो, आत्ता असला तर गेल्या सालचा असणार, टरफल सुरकुतलेलं आणि चिकट असेल तर घ्या, कडकडीत फुटत असेल तर नको.