मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतील डाव्या कॅरोटिड धमनीत ७० टक्के अडथळा, पण त्रास काहीच नाही. शस्त्रक्रिया करावी का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून सांगलीत राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने आहेत, आणि तंबाखू सुटली ती अगदी अलीकडे. परवा नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी मानेवर स्टेथोस्कोप ठेवला असता डाव्या बाजूला त्यांना फुसफुसल्यासारखा आवाज ऐकू आला, म्हणून मानेची डॉपलर सोनोग्राफी करून घेतली. अहवालानुसार डाव्या अंतर्गत कॅरोटिड धमनीच्या सुरुवातीलाच चरबीचा थर साचला असून तेथे रक्ताचा कमाल वेग सेकंदाला २६० सेंटिमीटर आहे आणि अडथळा ७० टक्क्यांहून अधिक आहे. उजवी बाजू ५० टक्क्यांच्या आत आहे.

आमच्या फिजिशियनांनी ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. एका रुग्णालयाने याच आठवड्यात स्टेंट बसवून घ्या असे सुचवले, तर काकांच्या ओळखीतले एक गृहस्थ अडथळा विरघळवणारा काढा देतो म्हणतात. अण्णांना कसलाही त्रास नाही, ते रोज फिरायला जातात. अशा स्थितीत नेमके काय करावे?

निवृत्त न्यूरॉलॉजिस्ट, पुणे

काढ्याचा विषय आधी संपवू. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे मुरलेला, काही ठिकाणी कॅल्शियम साचून टणक झालेला थर कोणत्याही काढ्याने विरघळत नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गटातील गोळ्याही तो नाहीसा करत नाहीत, मात्र त्याचा पृष्ठभाग स्थिर ठेवतात, आणि महत्त्व त्यालाच अधिक आहे. या आजारात मेंदूला धोका होतो तो बहुतेक वेळा रक्तपुरवठा हळूहळू आटल्याने नव्हे, तर थराचा पृष्ठभाग फाटून त्यावर गुठळी धरल्याने आणि तिचा तुकडा रक्ताबरोबर वर गेल्याने.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. केवळ ७० हा आकडा पाहून कोणीही ठाम सल्ला देऊ शकणार नाही, कारण त्या अडथळ्याने गेल्या सहा महिन्यांत काही लक्षण दाखवले आहे की नाही, यावर पुढचे सारे ठरते. लक्षण नसलेल्या रुग्णांतील अमेरिकेच्या १९९५ च्या अभ्यासात पाच वर्षांत अर्धांगवायूचे प्रमाण थर काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेमुळे सुमारे ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले होते, पण तेव्हा आजच्यासारखी प्रभावी औषधे वापरात नव्हती. आज चांगल्या औषधोपचाराने हा धोका मुळातच बराच कमी होतो, त्यामुळे खरोखरच लक्षण नसेल तर याच आठवड्यात घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

परंतु “त्रास काहीच नाही” हे वाक्य मी नोकरीच्या काळात फार वेळा ऐकले आहे. कृपया अण्णांना शेजारी बसवून पुढील गोष्टी एकेक करून विचारा. डाव्या डोळ्यासमोर काही मिनिटे पडदा उतरल्यासारखे कधी झाले का? उजव्या हातातून वस्तू गळून पडली का, उजवा पाय लुळा पडला का, तोंड वाकडे झाले का, बोलताना शब्द सापडेनासे झाले का? डोळ्याचे लक्षण अडथळ्याच्याच बाजूला दिसते आणि हातापायाचे विरुद्ध बाजूला, म्हणून बाजू नीट विचारा. नुसती चक्कर किंवा मुंग्या सांगितल्या तर त्या सहसा या धमनीच्या माथी मारता येत नाहीत.

कृष्णाकाठ

डॉक्टरसाहेब, आपल्या सांगण्याप्रमाणे विचारले. आधी ते नाहीच म्हणाले. मग आईनेच आठवण करून दिली की साधारण तीन आठवड्यांपूर्वी बँकेत पैसे काढण्याच्या स्लिपवर सही करताना त्यांच्या उजव्या हातातून पेन दोनदा गळून पडले होते, आणि कॅशियरला काही सांगायला गेले तर शब्द अडखळत होते. दहा-पंधरा मिनिटांत सर्व पूर्ववत झाले. मानेच्या मणक्याचा जुना त्रास असल्यामुळे हात बधिर झाला असेल, असे समजून त्यांनी ते कोणाला सांगितले नाही.

निवृत्त न्यूरॉलॉजिस्ट, पुणे

तर मग माझा आधीचा सल्ला मागे घ्यावा लागेल. मानेच्या मणक्याने हात बधिर होऊ शकतो, वाचा अडखळत नाही. उजवा हात आणि वाचा एकाच वेळी जाऊन परत येणे, हा डाव्या मेंदूचा तात्पुरता झटका असण्याची शक्यता फार मोठी आहे. अण्णांना आजच न्यूरॉलॉजिस्टकडे न्या आणि बँकेतला प्रसंग जसा इथे लिहिलात तसाच सांगा.

लक्षण दिसलेल्या आणि ७० टक्क्यांहून अधिक अडथळा असलेल्या रुग्णांसाठी १९९१ साली प्रसिद्ध झालेला उत्तर अमेरिकेतील नॅसेट हा अभ्यास आजही आधारभूत मानला जातो. केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत अडथळ्याच्याच बाजूच्या मेंदूचा झटका आला, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. हा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि पुढे ओसरत जातो. आपले तीन आठवडे उलटले आहेत, म्हणजे लाभ संपलेला नाही, पण आता दिवस घालवू नयेत. मेंदूचा एमआरआय, मान व मेंदूच्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी आणि हृदयाचे ठोके अनियमित नाहीत ना हे पाहण्यासाठी ईसीजी, एवढे लगेच व्हावे. आपल्याकडे कवटीच्या आतील धमन्याही अरुंद झालेल्या बऱ्याच रुग्णांत आढळतात, म्हणून नुसत्या मानेवर थांबू नये. मधुमेह असल्याने सीटीसाठी शिरेतून देतात त्या औषधाआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्यावे.

शस्त्रक्रिया की स्टेंट, याबाबत सत्तरीच्या आसपास आणि त्यापुढे शस्त्रक्रियेत झटक्याचा धोका कमी, असे साधारण चित्र आहे. हृदय कमजोर असेल किंवा मानेला पूर्वी रेडिएशन दिलेले असेल तर स्टेंटचा विचार होतो. शल्यविशारदांना संकोच न बाळगता विचारा की, तुमच्या हातून झालेल्या अशा शस्त्रक्रियांत झटका किंवा मृत्यूचे प्रमाण किती? लक्षण असलेल्या रुग्णांत ते ६ टक्क्यांच्या आत असावे अशी अपेक्षा असते. आणि तोवर पुन्हा हात, तोंड किंवा वाचा गेली, तर बरे होण्याची वाट न पाहता सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात तत्काळ पोहोचा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

नाशिककर सून

माझ्या सासऱ्यांची हीच शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून डॉक्टर सांगणार नाहीत अशा दोन-चार गोष्टी लिहिते. जबड्याखाली मानेवर उभा छेद होता आणि काढलेला थर सर्जननी बशीत दाखवला. पिवळसर, खडूसारखा ठिसूळ, धमनी जिथे दुभागते त्याच आकाराचा. शस्त्रक्रियेआधी ॲस्पिरिन बंद करायची नाही, असे आम्हाला बजावले होते. “ऑपरेशनला रक्त पातळ नको” म्हणून घरातले लोक परस्पर गोळी थांबवतात, तसे आपण मुळीच करू नये. पहिले काही दिवस रक्तदाबावर बारीक लक्ष होते, आणि त्या बाजूला जोराची डोकेदुखी झाल्यास लगेच कळवा असे सांगितले होते. कानाच्या पाळीखालचा भाग पुढे कित्येक महिने बधिर राहिला. साध्या वस्तऱ्याने दाढी करताना कापलेले त्यांना कळतच नसे, शेवटी मुलाने विजेवर चालणारे यंत्र आणून दिले.

आणखी एक. आमच्याकडे केस कापल्यावर न्हावी मान कडाकडा मोडून देतो. ते आता कायमचे बंद करायला सांगा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी मिरजेत न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली आहे. आईलाही बरोबर नेत आहोत, कारण अण्णा तिथेही “काही नाही” असेच म्हणतील.