टेपांचा फोल्डर गोरेगावहून सरकत नाही

प्रेषक: कार्यवाह, गोरेगाव

नमस्कार मंडळी,

जुन्या गणेशोत्सवाच्या टेपांचा फोल्डर परवापासून सिंकथिंगवर (संगणकांमध्ये फोल्डर एकसारखे ठेवणारा प्रोग्रॅम) लावला आहे, ४८ जीबी. इंग्लंडात रेडिंगला आणि लेस्टरला सेकंदाला ३०० केबीच्या वर जातच नाही. म्हणजे एका ठिकाणी पोचायला चव्वेचाळीस तास. स्पीड टेस्टला डाउनलोड ९४ एमबीपीएस, अपलोड ३०. केबलवाला म्हणतो लाइन ओके. संपादनाची मंडळी खोळंबली आहेत, तेव्हा ज्यांना कळतं त्यांनी लवकर सांगा. हार्ड डिस्क पाठवायची का, ते नंतर बघू.

प्रेषक: नाना, मुलुंड

स्पीड टेस्ट बाजूला ठेवा. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ उघडा, रेडिंगच्या नावावर क्लिक करा आणि जोडणीचा प्रकार वाचा. तिथे ‘रिले’ दिसलं तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ. फाइल थेट रेडिंगला न जाता तिसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरमधून फिरून जाते आहे, आणि तो सर्व्हर देईल तेवढाच वेग मिळणार. ‘टीसीपी वॅन’ किंवा ‘क्विक वॅन’ दिसलं तर थेट; टीसीपी आणि क्विक या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती.

रिले का लागतो ते बघायला राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, पाहा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा पाहा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच खरा पत्ता कंपनी अनेक घरांत वाटते आहे. मग आपल्या राउटरवर कितीही पोर्ट (आत येण्याच्या क्रमांकित वाटा) उघडा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. राउटरवर १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा आकडा दिसला तर आधी घरात दुसरा राउटर आहे का ते बघा, बहुतेक कंपनीचा फायबरचा डबाच राउटरचंही काम करत असतो.

स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला स्वतःचा कायमचा पत्ता, दरमहा पैसे भरून मिळतो, पण आत्ता गरज नाही. दोन टोकांपैकी एक उघडं असलं की पुरतं, गोरेगाव स्वतःहून तिकडे जोडून घेईल. रेडिंगच्या ताईंनी पोर्ट उघडावा.

प्रेषक: ताई, रेडिंग

नाना, माझ्याकडे राउटरवरचा आणि बाहेरचा पत्ता एकच आहे, त्यामुळे माझ्याकडून अडचण नाही. सिंकथिंगचा २२००० हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारच्या वाहतुकीसाठी माझ्या संगणकाकडे वळवला. दोन्ही लागतात, कारण क्विक यूडीपीवर चालतं. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी आधी राउटरमध्ये संगणकाचा घरातला आयपी राखून ठेवावा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर तो बदलतो आणि उघडलेला पोर्ट भलत्याच यंत्राकडे जातो. विंडोजच्या फायरवॉलमध्येही सिंकथिंगला परवानगी द्यावी लागते, ही पायरी हमखास राहते.

एक मात्र स्पष्ट लिहिते. कोणतं साधन वापरायचं हे दफ्तर समितीला विचारून ठरायला हवं होतं. मूळ प्रती आमच्या समितीच्या ताब्यात राहणार असं बैठकीत ठरलं आहे. फोल्डर ‘फक्त पाठवणे’ या प्रकारात ठेवला आहे का? तसा नसेल तर लेस्टरला कुणी चुकून फाइल पुसली की गोरेगावातली मूळ प्रतही जाईल.

प्रेषक: अण्णा, गिरगाव

फोल्डरच्या प्रकाराबद्दल ताई बरोबर आहेत, ते आजच करा.

पण सगळं रिलेवर ढकलू नका. गोरेगावात फायबर थेट घरात येतं की गच्चीवरच्या स्विचपासून तांब्याची केबल खाली येते? तांब्याची असेल तर पावसाळ्यानंतर तिच्या टोकाचे प्लग हिरवे पडतात आणि पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वाटेत गळायला लागतात. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण टेस्टचा सर्व्हर मुंबईतच, पाच मिलिसेकंदांवर असतो. गळालेलं पॅकेट तिथून लगेच परत मागवता येतं. लंडनपर्यंतचं सरळ अंतर ७,२०० किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद कमीत कमी, आणि केबल समुद्रातून वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्षात शंभराच्या बरंच पुढे. सव्वाशे धरले आणि हजारात एक पॅकेट गळलं, तर जुन्या पद्धतीच्या टीसीपीची एक जोडणी साडेतीनशे-चारशे केबीवरच अडकते. तुमचा ३०० चा आकडा बघा.

आधी राउटरला पाचशे पिंग (उत्तर मागणारी छोटी पॅकेट) करा. तिथेच गळती दिसली तर दोष घरातल्या वायफायचा. राउटरपर्यंत शून्य आणि कंपनीच्या पहिल्या टप्प्यापासून पुढे सगळीकडे गळती असेल, तर केबलवाल्याला गच्चीवर न्या आणि दोन्ही टोकांचे प्लग नवे लावून घ्या.

आणि डाउनलोड ९४ म्हणजे मध्ये कुठेतरी केबल लावायचं सॉकेट शंभर एमबीपीएसवरच चालतं आहे. प्लॅन २०० चा असेल तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असू शकते. शंभरला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात.

प्रेषक: नाना, मुलुंड

अण्णा, हिशेब मान्य. पण तो थेट जोडणीचा हिशेब आहे. रिले असताना पॅकेट कुठे गळतंय हे तुम्हाला गोरेगावातून कळणार कसं? आधी रिले काढा, मग पिंग.

वायफायचं म्हणाल तर मुंबईच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर वीस-वीस शेजारी एकमेकांच्या अंगावर असतात. त्यात फायबर मुख्य दारावरून येतं म्हणून राउटर दाराशीच बसवलेला. लॅपटॉपला सरळ लॅनची केबल लावा, तो प्रश्नच मिटवा.

प्रेषक: कार्यवाह, गोरेगाव

वॅन आयपी १०० नेच सुरू होतो. रेडिंग आता ‘टीसीपी वॅन’ दाखवतं आणि वेग सेकंदाला ३.५ एमबी आहे. राउटरपर्यंत पिंगची गळती शून्य. फोल्डर ‘फक्त पाठवणे’ केला. लेस्टर अजून रिलेवरच. आणि फाइल चालू असताना घरात व्हिडिओ कॉल तुटतो, वेबसाइटही उघडत नाही. डाउनलोड तर रिकामा पडला आहे!

प्रेषक: नाना, मुलुंड

अपलोड काठोकाठ भरला की पोच सांगणारी छोटी पॅकेट राउटरच्या रांगेत मागे अडकतात, म्हणून डाउनलोडही बसतो. सेटिंग्जमध्ये जोडण्यांच्या पानावर बाहेर जाण्याची मर्यादा २९०० (केबी, सेकंदाला) घाला. ३० एमबीपीएसच्या ऐंशी टक्के म्हणजे २४, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला ३ एमबी. रेडिंगला एकटं धरलं तर साडेचार तासांत काम होईल.

लेस्टरसाठी पुन्हा ४८ जीबी गोरेगावातून पाठवू नका. रेडिंग आणि लेस्टर दोघांनी गोरेगावच्या यंत्रावर ‘इंट्रोड्यूसर’ची, म्हणजे ओळख करून देणाऱ्याची, खूण करावी. मग ते एकमेकांना ओळखतील, आणि रेडिंगचा पोर्ट उघडा असल्यामुळे लेस्टरला तुकडे तिथूनच थेट मिळतील.

प्रेषक: ताई, रेडिंग

खूण केली. लेस्टरवाल्यांनी तिकडचा फोल्डर ‘फक्त घेणे’ करून मला कळवावं, तोवर मी त्यांची जोडणी थांबवून ठेवते. आणि कार्यवाह, लॅपटॉप रात्री झोपी जाणार नाही अशी सेटिंग केली आहे ना?