शेवाळ ‘लावतात’ की ‘धरतं’? रीफ टाकीच्या रेफ्युजियममधले मराठी शब्द

मुलुंडहून (मूळ प्रश्न)
सोसायटीतल्या शाळकरी पोरांसाठी रीफ टाकीवर, म्हणजे प्रवाळ आणि मासे पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, मराठीत टिपण लिहायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. रेफ्युजियमला काय म्हणावं? मुख्य टाकीला पाइपाने जोडलेला वेगळा कप्पा, त्यात मासे नाहीत, समुद्री शेवाळ वाढतं आणि कोपेपॉडसारखे बारीक जीव निर्धास्त राहतात. शिवाय एका ओळीत ‘शेवाळ वाढवा’ आणि पुढच्याच ओळीत ‘शेवाळ खाणारे प्राणी आणा’ असं लिहिलं, तर पोरं विचारणारच की काका, नक्की करायचं काय?

दादरहून
‘आसरा’ घ्या. ‘आश्रय’वरून आलेला, रोजच्या बोलण्यातला. ‘आश्रयकुंड’ म्हटलं की लगेच परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे आपल्याकडे पाण्याच्या देवतांनाही आसराच म्हणतात. विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात ना, त्या साती आसरा. तो शब्द ‘अप्सरा’वरून आला, हा ‘आश्रय’वरून, आणि बोलता बोलता दोघांचं रूप एकच झालं. पाण्यातल्या कप्प्याला याहून बरं नाव सापडणार नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही पळून जाऊन लपायची जागा असाच आहे.

मात्र हा आसरा खालच्या ज्या टाकीत असतो तिला इंग्रजीसारखं ‘संप’ (sump) लिहू नका. गिरणगावात संप म्हटलं की १९८२ आठवतं. ‘खालची टाकी’ पुरे.

वेसाव्याहून
दादा, आसरा पसंत. पण शेवाळाचं काय? कुणीतरी आता सांगेल की चांगलं ते शैवाल आणि वाईट ते शेवाळ. तसं करू नका. शैवाल संस्कृत, शेवाळ त्याचंच मराठी रूप. पोरं दोन्हीला शेवाळच म्हणणार. भेद करायचाच तर क्रियापदात करा. मोरीत, पायऱ्यांवर, होडीच्या बुडाला शेवाळ *धरतं*. तुमच्या आसऱ्यातलं शेवाळ *लावलेलं* असतं. जात एकच असली तरी चालेल, कुणी बोलावलं होतं एवढंच बघायचं.

चेंबूरहून
‘लावलेलं’ आणि ‘धरलेलं’, झकास! टाकी सांभाळणाऱ्याच्या बाजूने भर घालतो. दोघंही जगतात एकाच खुराकावर: माशांचं खाणं आणि विष्ठा यांतून पाण्यात साठणारं नायट्रेट आणि फॉस्फेट. लावलेल्याने ते आधी ओढून घेतलं की काचेवर धरणाऱ्याची उपासमार होते. पण ओढून घेतलं म्हणजे टाकीतून गेलं असं नाही. शेवाळ कापून बाहेर काढाल तेव्हाच ते जातं. म्हणून टिपणात ‘कापणी’ हा शब्द हवाच, नाहीतर पोरं शेवाळ नुसतं बघत बसतील.

काय लावायचं? नवशिक्याने चिटो, दुसरा विचारच नको. पूर्ण नाव कीटोमॉर्फा, पण दुकानात चिटो म्हटल्याशिवाय कळत नाही. नावातल्या पहिल्या तुकड्याचा ग्रीक अर्थ लांब केस. हातात घ्या, ताठ करकरीत दोऱ्यांचा गुंता लागतो. त्याला मुळं नाहीत, तो दगडाला चिकटत नाही, उचलून निम्मा कापला की काम झालं. बारीक जीव त्या गुंत्यातच संसार थाटतात. थोडा गुंता पांढऱ्या ताटलीत झटकला की तांदळाच्या कणीएवढे अँफिपॉड कुशीवर पडून तिरके सरपटताना दिसतात. पोरांना आधी हेच दाखवा.

कॉलेर्पा दिसायला देखणी, पण मी तरी घेणार नाही. नावाचा अर्थच रांगणारं देठ. रांगत जाऊन दगडाला धरते, म्हणजे लावलेली असून धरलेल्यासारखी वागते. सगळी वनस्पती मिळून एकच पेशी! कापणी राहिली, खुराक संपला, असा काही ताण आला की एका रात्रीत सगळ्या प्रजननपेशी पाण्यात सोडून देते. सकाळी पाणी हिरवट गढूळ, मागे पांढरी पारदर्शक सालं, आणि इतके दिवस ओढून घेतलेलं सगळं परत टाकीत. इंग्रजीत याला जे म्हणतात ते शाळेच्या टिपणात जाणार नाही, ‘कॉलेर्पा फुटली’ लिहा.

कापलेलं शेवाळ नाल्यात किंवा खाडीत टाकायचं नाही, वाळवून कचऱ्यात. हौशी टाक्यांत पाळली जाणारी कॉलेर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याशी समुद्रात सापडली आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरली.

तिसरी, लाल ग्रॅसिलेरिया. चायना ग्रास म्हणून आपण जे अगर खातो ते हिच्यापासूनही काढतात. टँग मासे हिच्यावर तुटून पडतात, म्हणजे कापणी थेट जेवणाच्या ताटात.

दादरहून
आणि टाकी साफ ठेवणाऱ्या प्राण्यांना ‘क्लीनअप क्रू’ म्हणतात, ते? सफाई कामगार?

चेंबूरहून
तिथेच घोळ होतो. सफाई म्हटलं की दुकानदार एका पिशवीत सगळं भरून देतो. पुन्हा क्रियापदच घ्या. *चरणारे*: टर्बो, ट्रोकस, ॲस्ट्रिया या गोगलगायी. दगडावरचं, काचेवरचं धरलेलं शेवाळ खरवडतात. यांची जागा मुख्य टाकीत. आसऱ्यात सोडल्या तर पीक राखायला गुरं ठेवलीत. ॲस्ट्रिया उलटी पडली तर बहुधा स्वतःहून सरळ होत नाही, हात घालावा लागतो.

*वेचणारे*: नॅसारियस, गोगलगायींचाच भाऊबंद. वाळूत पुरून बसतो, वर फक्त नळी. अन्न पडल्याचा वास आला की वाळूतून उठून धावत येतो. तो मांसाहारी, शेवाळाला तोंडही लावत नाही. तरी शेवाळ कमी व्हावं म्हणून लोक हाच आणतात! *उकरणारे*: सेरिथ, हाही त्यांच्यातलाच. पातळ थर आणि गाळ खातो, वाळूत शिरतो. आसऱ्यात सेरिथ, छोटे ब्रिटल स्टार (बारीक हातांचे, तारामाशासारखे) आणि आपोआप आलेले ब्रिसलवर्म (केसाळ समुद्री किडे) एवढी मंडळी पुरे. माशाला औषध म्हणून तांबं घातलंत तर यातलं कुणीच वाचणार नाही, औषधाची टाकी वेगळीच हवी.

वेसाव्याहून
शंखातल्या खेकड्याला ‘संन्यासी खेकडा’ लिहिलेलं वाचलंय. इंग्रजी नावाची नक्कल. कसला संन्यासी, जिवंत गोगलगायीला मारून पागडी न देता घर बळकावतो तो! ‘शंखातला खेकडा’ म्हणा, आणि पाळलाच तर थोड्या मोठ्या मापाचे रिकामे शंख टाकीत ठेवा.

मुलुंडहून
वांद्र्याच्या खडकांवर उल्वा हे हिरवंगार, पानासारखं शेवाळ असतं, ते आणलं तर? आणि वाळू साफ करायला समुद्री काकडी?

चेंबूरहून
उल्वा लावायला चांगली, पण तिथली नको. सांडपाण्याच्या खतावर ती फोफावते, सोबत काय येईल ते टाकीत शिरल्यावरच कळतं. समुद्री काकडीचं नाव टिपणातून काढाच. २००१ पासून ती प्रवाळांबरोबर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिवाय टाकीत मेली तर विष सोडून मासे मारू शकते.

मुलुंडहून
पटलं. शेवटचं: मुख्य टाकीचे दिवे बंद झाल्यावर आसऱ्याचे लावायचे, त्याला काय लिहू?

दादरहून
‘रात्रपाळी’. अंधारात मुख्य टाकी कार्बन डायऑक्साइड सोडते, पीएच उतरतो, तेव्हा आसऱ्यातलं शेवाळ कामावर असतं. मुंबईच्या पोरांना समजावून सांगावं लागणार नाही.