सुचवा, पण परस्पर वळवू नका

‘वेबसाइटच्या पत्त्यात अक्षर चुकलं तर सर्व्हरनेच दुरुस्त करून पान उघडावं’ हे मला अर्धंच पटतं. अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरचं मॉड_स्पेलिंग (mod_speling) मॉड्यूल कॅपिटल-स्मॉलची गफलत आणि एका अक्षराची चूक सांभाळून घेतं. पुण्यातल्या एका वाचनालयाच्या साइटवर मी ते चालू केलं होतं. २०२३ चा अहवाल अजून चढवलाच नव्हता. तो मागणाऱ्याला मुकाट्याने २०२२ चा मिळत राहिला! फरक एका आकड्याचाच ना. सभासद जुने आकडे घेऊन भांडायला आले, तेव्हा कळलं. कॅपिटल-स्मॉलपुरतं खुशाल वळवा. बाकी ठिकाणी स्पष्ट ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ हा संदेश द्या आणि खाली ‘हे पान हवं होतं का?’ विचारा. डोमेनच्या नावात तर ढवळाढवळ नकोच: २००३ मध्ये डॉट कॉम नावांची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने अस्तित्वात नसलेली डॉट कॉम नावं स्वतःच्या पानाकडे वळवली आणि पाठवणाऱ्याचं डोमेन अस्तित्वात नाही यावरून स्पॅम ओळखणाऱ्या कित्येक गाळण्या (फिल्टर) बिघडल्या.