मदत हवी आहे: कच्छच्या आखातात क्षारतेचा आकडा दर रविवारी उड्या का मारतोय?

नमस्कार मंडळी. मी मूळची रत्नागिरीची, सध्या मुक्काम मोरबी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नवलखीजवळच्या खाडीत दर रविवारी सकाळी ठीक आठला पाण्याचं तापमान आणि क्षारता (हजार भाग पाण्यात किती भाग क्षार) मोजतेय. सामान साधंच: दोरीची बादली, काचेचा थर्मामीटर, हातातला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण).

इथे पाऊस तुटपुंजा, बाष्पीभवन जबर. त्यामुळे उन्हाळा लागला की क्षारता हळूहळू चढेल असं वाटलं होतं. तापमान तसं चढलंय. क्षारता मात्र ३८, ४१, ३८, ४१, ३९, ४२! आलेख म्हणजे करवतीचे दात. दर वेळी डिस्टिल्ड पाण्याने शून्य लावून घेते. सर म्हणतात, उपकरण बदल. बदलू का?

प्रतिसाद १

थांबा, पैसे घालवू नका. तुम्ही घड्याळ सांभाळलंत, भरती नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. या रविवारी आठला भरती, तर पुढच्या रविवारी आठला ओहोटी. रत्नागिरीच्या ना तुम्ही? तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब विसरलात? (तो नवलखीला जसाच्या तसा चालणार नाही, आखातात आत जावं तशी भरती उशिरा पोचते.)

आपल्या कोकणातल्या खाड्यांत ओहोटीला वरून नदीचं गोडं पाणी येतं. नवलखीला उलट: आतल्या उथळ चिखलवट्यांवर तापून आटलेलं पाणी बाहेर येतं, म्हणून ओहोटी जास्त खारट. नवलखीला उधाणाची भरती सात मीटरच्या आसपास चढते, फरक दिसणारच.

एकदा सलग १३ तास बसून दर तासाला मोजा. पुढे महिन्यातून दोनदा, ठरलेल्या तिथीला. थर्मामीटर बादली वर येताच, सावलीत. आणि शून्याबरोबर ३५ च्या प्रमाण द्रावणानेही (क्षारता नेमकी ३५ असलेलं तयार पाणी) तपासा. बरेच रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या मिठाच्या पाण्यावर आखलेले असतात, ते समुद्राचं ३५ चं पाणी ३६.५ दाखवतात.

धागाकर्ती

कॅलेंडर काढून बसले. ४१-४२ वाले तिन्ही रविवार पुनव-अवसेच्या आगेमागे, आठला चिखल उघडा असायचा! वहीत एकदाही लिहिलं नाही. शनिवारी छत्री घेऊन जेटीवर बसतेय. तासातासाचे नमुने बाटलीत भरून घरी मोजले तर चालतील, की तिथेच मोजायला हवेत?

प्रतिसाद १

तापमान तिथेच. क्षारता घरी चालेल, पण बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावा, नाहीतर वाटेत आटून आणखी खारट व्हायची.