कंट्रोल + एच: शब्द समोर दिसतो, पण सापडत नाही

गंगापूररोडकर
संस्थेचं कार्यालय सातपूरहून अंबडला गेलंय. वर्डमधली माहितीपुस्तिका आणि वर्डप्रेसची वेबसाइट, दोन्हीकडे पत्ता बदलायचाय. शिवाय ‘शेतकऱ्यांसाठी’ऐवजी ‘द्राक्ष बागायतदारांसाठी’ हवंय. वर्डमध्ये कंट्रोल + एच (शोधा आणि बदला) उघडून ‘रिप्लेस ऑल’ केलं तर बरेच शब्द तसेच राहतात आणि काही ठिकाणी ‘अंबडमध्येील’ असं झालंय. काय चुकतंय?

मखमलाबादी
आधी कंट्रोल + झेड दाबून मागे या, फाइलची प्रत काढा.

चुकला तो क्रम. ‘सातपुरात’ हा तुकडा ‘सातपुरातील’मध्येही आहे. तो आधी बदललात, म्हणून ‘ील’ लटकत राहिला. लांब रूप आधी घ्या: ‘सातपुरातील’ → ‘अंबडमधील’, ‘सातपुरातून’ → ‘अंबडमधून’, मग ‘सातपुरात’ → ‘अंबडमध्ये’. सगळ्यात शेवटी नुसतं ‘सातपूर’. त्यात ला, हून, चा, च्या आपोआप निघतात. ‘सातपूर’ शोधून ‘सातपुरात’ कधीच मिळणार नाही, कारण तिथे पू ऱ्हस्व होतो आणि संगणकाला ते वेगळं अक्षर.

या शेवटच्या फेरीत मात्र ‘रिप्लेस ऑल’ नको. ‘फाइंड नेक्स्ट’ने एकेक बघा, नाहीतर ‘सातपूर औद्योगिक वसाहत’ही अंबडला जाईल आणि सातपूरकर सभासद अंबडकर होतील! पिनकोड देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही अंकांत शोधा.

पंचवटी_टंकलेखन
‘शेतकऱ्यांसाठी’चं दुखणं वेगळं. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो: ऱ, हलन्त, या, किंवा साधा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि या. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत वेगळे. दोघातिघांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर टंकलेली फाइल असली की हे हमखास होतं. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही तेच.

उपाय सोपा: न सापडलेला शब्द फाइलमधूनच कॉपी करून ‘फाइंड व्हॉट’मध्ये चिकटवा, हाताने टंकू नका. दुसरी फेरी दुसऱ्या प्रकारासाठी. शेवटी नुसतं ‘शेतक’ शोधा. उरलेसुरले तिथे दिसतात.

गंगापूररोडकर
जमलं, आभार! पण शेवटच्या चार जुन्या पानांत एकही शब्द सापडत नाही. आणि वेबसाइटचं?

पंचवटी_टंकलेखन
त्या पानांतला मजकूर निवडून फॉन्ट मंगल करा. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर तो युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत) नाही, जुन्या फॉन्टमधला आहे. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, जोडाक्षरं वाचून तपासा, मग शोधा.

मखमलाबादी
ब्राउझरचं कंट्रोल + एफ फक्त शोधतं, बदलत नाही. दोन-चार पानं असतील तर संपादकात जाऊन हातानेच बदला.

जास्त असतील तर डेटाबेसवर (वेबसाइटचा मजकूर साठतो तिथे) थेट क्वेरी, म्हणजे बदलाची आज्ञा, मारू नका. विजेट आणि थीमच्या सेटिंगमध्ये मजकुराबरोबर त्याची बाइटमधली लांबीही साठवलेली असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘सातपूर’ १८, ‘अंबड’ १२. आकडा जुना आणि मजकूर नवा झाला की ती सेटिंग वाचलीच जात नाही, विजेट गायब. ‘बेटर सर्च रिप्लेस’ प्लगइन लांबीही दुरुस्त करतं. डेटाबेसचा बॅकअप घ्या, आधी ‘ड्राय रन’ (नुसती चाचणी) चालवून किती ठिकाणी बदल होणार ते बघा, मगच त्या पर्यायावरची खूण काढून खरं चालवा. बदल दिसला नाही तर कॅशे (साठवलेली जुनी प्रत) रिकामा करा.